पराभवानंतर हिशेब कोणाकडे मागायचा?

प्रश्न : मी सिंधुदुर्गातील एका किनारी तालुक्यात आमच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष आहे आणि पूर्वी एक कार्यकाळ जिल्हा परिषदेचा सदस्य होतो. विधानसभेला आमचा उमेदवार पडला. त्याहून जिव्हारी लागले ते माझ्याच गावातील एका केंद्राचे आकडे. एक मच्छीमारांची आणि एक सड्यावरची (कातळी पठारावरची), अशा दोन वाड्या त्या केंद्रावर मतदान करतात. गेल्या वेळी तेथे आम्ही ३५० विरुद्ध १५० असे पुढे होतो, या वेळी २२० विरुद्ध २८० असे मागे पडलो. त्या वाड्यांचा साकव, शाळेचे छप्पर, रस्त्याचे खडीकरण हे सगळे माझ्या कार्यकाळातले. निकालाच्या रात्री विजयी मिरवणूक मुद्दाम माझ्या अंगणासमोर थांबवून फटाके लावले गेले, आईने खिडक्या लावून घेतल्या. रागाच्या भरात मी 'गद्दारांना रवळनाथ बघून घेईल' असे स्टेटस ठेवले. दिवस सरला की तेच पुन्हा लावतो. आता कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, सड्यावरच्या वाडीच्या नळपाणी योजनेतील टाकीसाठी मी देऊ केलेल्या दोन गुंठ्यांचे बक्षीसपत्र करू नये आणि जत्रेत त्या दोन्ही वाड्यांचा मान यंदा थांबवावा. काहीजण यंत्रातच घोळ झाला असे म्हणतात. दुसऱ्या पक्षाकडून निरोपही आला आहे. पुढील आठवड्यात चिंतन बैठक आहे, तेथे राजीनामा द्यावा असे मनात आहे. मच्छीमार वाडी पर्ससीनच्या (यांत्रिक नौकांच्या मोठ्या वेढा जाळ्यांच्या) प्रश्नावर नाराज होती हे खरे, पण तेवढ्यावरून वीस वर्षांचे संबंध विसरायचे का? मतदानासाठी मुंबई मंडळाच्या गाड्याही आम्ही यंदा नेहमीसारख्या आणू शकलो नाही. मी काय करावे? — एक तालुकाध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

बक्षीसपत्र करावे, आणि ते जत्रेपूर्वी करावे. आपल्या पत्रात प्रश्न अनेक असले तरी याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या गोष्टींत काही चुकले तर ते पुढे सावरता येईल. परंतु पाण्याच्या टाकीची जागा मतांच्या आकड्यावरून अडली, ही गोष्ट त्या वाडीतील बाया एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन सड्याची घाटी चढताना रोज एकमेकींना सांगतील आणि त्यांच्या पोराबाळांनाही ती पाठ होईल. आपण जागा देऊ केली ती मतांच्या बोलीवर नव्हे, असे मी धरून चालतो. मग निकाल कोणताही लागला तरी त्या शब्दात फरक पडण्याचे कारण उरत नाही. एक व्यवहाराची सूचना मात्र करतो. आपल्या भागातील सातबारा उतारा बहुधा एकट्याच्या नावाचा नसतो, त्यावर काका, चुलते, आत्या आणि मुंबईला स्थायिक झालेले चुलतभाऊ अशी सगळी भावकी असते. ज्यांची नावे त्या उताऱ्यावर असतील त्यांची संमती आताच लेखी घ्यावी. आज आपल्या रागाला दुजोरा देणारा एखादा भाऊबंदच, उद्या आपला राग निवळल्यावर, 'तूच तर नको म्हणाला होतास' असे म्हणून सही अडवून धरील, आणि मग ती टाकी आपल्या इच्छेविरुद्ध परंतु आपल्याच नावाने अडलेली राहील.

आता त्या केंद्राच्या आकड्यांकडे शांतपणे पाहू. ३५० वरून २२० म्हणजे आपली १३० मते घटली आणि तेवढीच समोर वाढली. दोन्ही वेळा मतदान ५०० झाले असले तरी ते पाचशे लोक तेच नव्हेत. मधल्या पाच वर्षांत काही म्हातारी माणसे गेली, काही मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, सुना आल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची नावे लागली, काही चाकरमान्यांनी आपली नावे विरार-डोंबिवलीच्या यादीत नेली, आणि काहीजण आपण म्हणता त्याप्रमाणे या वेळी आलेच नाहीत. हे सारे वजा केले तर गेल्या वेळी आपल्याला मत देऊन या वेळी बदललेली माणसे बहुधा १३० पेक्षा कमीच निघतील. उलट २२० माणसे, वारे फिरले आहे हे दिसत असतानाही, आपल्या उमेदवारामागे उभी राहिली. त्यांतील सड्यावर राहणारे किती आणि किनाऱ्यावरचे किती, हे आपल्याला ठाऊक नाही आणि कधी ठाऊक होणारही नाही. वाडीला शिक्षा करायची म्हणजे त्यांनाही करायची, आणि आपल्या माणसांनाच तहानलेले ठेवून विरोधकांना धडा शिकवणारा नेता मी तरी अजून पाहिलेला नाही.

किती मते पडली ते केंद्राच्या आकड्यातून समजते, ती कोणाची होती ते समजत नाही, आणि ते समजू नये हीच कायद्याची इच्छा आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. मोठ्या शहरात त्याने विशेष काही बिघडत नाही, परंतु जेथे एका केंद्रावर दोन वाड्याच मतदान करतात तेथे गुप्त मतदानावरचा अर्धा पडदा आपोआप बाजूला होतो. याच कारणासाठी अनेक केंद्रांची यंत्रे जोडून एकत्रित बेरीज देणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने मांडला होता आणि विधी आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात तशी शिफारसही केली. ती अमलात आलेली नाही. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे उघड झाले तर निवडून आलेला किंवा पडलेला पुढारी त्या वस्तीवर राग काढील, ही त्या शिफारशीमागची भीती होती. आपले कार्यकर्ते आपल्याला नेमके तेच करायला सांगत आहेत.

जत्रेतील मान थांबवण्याची सूचना याहूनही वाईट आहे, आणि येथे मी सल्ला देत नसून सावध करीत आहे. पालखीला खांदा देण्याचा, ओटी भरण्याचा किंवा गाऱ्हाण्याच्या वेळी पुढे उभे राहण्याचा ज्या वाडीचा परंपरेने चालत आलेला मान आहे, तो मतदानाच्या रागावरून बंद करणे म्हणजे सरळ शब्दांत वाळीत टाकणे होय. गेल्या दशकात रायगड जिल्ह्यातून अशी प्रकरणे एकामागून एक पुढे आली आणि त्यांतील काहींच्या मुळाशी गावातील निवडणुकाच होत्या. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बहिष्कार घालणाऱ्याबरोबर त्याला चिथावणी देणाराही त्यात सापडतो. बैठकीत एखाद्या कार्यकर्त्याने हा विषय काढला आणि आपण नुसते गप्प राहिलात, तर गावात त्याचा अर्थ आपली संमती आहे असाच लावला जाईल. म्हणून आपण स्वतः देवस्थानाच्या बारा-पाच मानकऱ्यांना जत्रेआधी भेटून, कोणाचाही मान या कारणावरून चुकता कामा नये, असे स्पष्ट सांगावे. आपण रागावलेले आहात हे सर्वांना माहीत असल्यामुळे आपल्याच तोंडून ते ऐकण्याला वजन येईल.

यानंतर मी आपल्या पत्रातील अशा एका वाक्याकडे येतो जे आपण घाईने लिहून पुढे गेला आहात : मच्छीमार वाडी पर्ससीनच्या प्रश्नावर नाराज होती. 'तेवढ्यावरून' असा शब्द आपण तेथे वापरला आहे. ज्या घराची चूल समुद्रावर पेटते त्याच्यासाठी ते 'तेवढे' नसते. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोन्ही दोरांना वाडीतील माणसे लागतात, बाया आणि शाळकरी पोरेही हात लावतात, आणि बराच वेळ ओढल्यावर खोळात चार पाट्या तारली आणि जेलीफिश निघाला, तर वाटे घालताना कोणाला कोणाच्या तोंडाकडे पाहवत नाही. त्याच वेळी समोर खोल पाण्यात रात्री दिव्यांचा झगमगाट दिसत असतो. प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, त्याआधी ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर हंगामाची बंधने आणली, आणि २०२१ मध्ये राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंडही वाढवला. कागदावर एवढे सगळे असूनही किनाऱ्यावरच्या माणसाला दिवे दिसतच राहतात, आणि मत मागायला आलेल्या प्रत्येकाला तो हेच विचारतो. आपल्या उमेदवाराने त्या वाडीत याविषयी काय उत्तर दिले, हे आपण लिहिलेले नाही. माझा तर्क असा आहे की त्याने उत्तर दिलेच नाही, कारण दोन्ही बाजूंचे नौकामालक आणि मतदार सांभाळायचे असले की सगळेच पक्ष या प्रश्नावर घशात काटा अडकल्यासारखे बोलतात.

त्या वाडीने आपला साकव विसरला, असे मला वाटत नाही. साकवावरून ती माणसे आजही रोज ये-जा करीत असतील आणि तो कोणी बांधून घेतला हेही सांगत असतील. त्यांनी या वेळी दुसऱ्या प्रश्नावर मत दिले, आणि तो प्रश्न त्यांना अधिक जवळचा होता. सार्वजनिक कामाची पावती मतपेटीतून मिळतेच असे नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. प्राध्यापक मधु दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत राजापूर मतदारसंघातून सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले, ते रेल्वेमंत्री होते, अर्थमंत्री होते, आणि कोकण रेल्वेसाठी त्यांनी आयुष्यातील किती वर्षे खर्ची घातली हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि १९९१ च्या निवडणुकीत याच मतदारसंघाने त्यांना पाडले. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण होऊन त्यावरून गाड्या सुरू झाल्या तेव्हा ते येथील खासदार नव्हते. त्यांना पाडणाऱ्या गावांमध्ये गाडी थांबवू नये, असे म्हणावेसे त्यांना वाटले असेल, याची कल्पना तरी आपण करू शकतो का? पराभवानंतरही ते सार्वजनिक जीवनात राहिले, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि आज कोकणात त्यांचे नाव निघते ते त्या रेल्वेबरोबरच निघते.

माझे आपल्याला सांगणे असे आहे की त्या वाडीत जावे, आणि जाताना कार्यकर्त्यांचा ताफा नेऊ नये. सकाळी होड्या लागण्याच्या वेळी एकटे किंवा एखाद्या जुन्या सोबत्याबरोबर जावे. 'मत का दिले नाही' हा प्रश्न चुकूनही विचारू नये, कारण तो विचारल्याबरोबर समोरचा माणूस 'आम्ही तुमचेच' एवढेच म्हणेल आणि आपल्याला काहीही कळणार नाही. त्याऐवजी यंदाचा हंगाम कसा गेला, गस्तीनौका किती वेळा आली, तक्रारी कोणाकडे केल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, एवढेच विचारावे आणि टिपून घ्यावे. आपण विरोधी बाजूला गेला आहात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे त्या तक्रारींचा पाठपुरावा करायला आपल्याला आता कोणाचा संकोच बाळगण्याचे कारण नाही, आणि पराभवाने दिलेली ही एक मोकळीक आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

स्टेटस आज काढावे. देवाचे नाव घेऊन गावातील माणसांना गद्दार म्हणणे आपल्यासारख्या जबाबदार पदाधिकाऱ्याला शोभत नाही, शिवाय रवळनाथ त्या २८० जणांचाही ग्रामदेव आहे. त्याजागी काही लिहायचेच असेल तर इतकेच पुरे : 'निवडून आलेल्या उमेदवाराचे अभिनंदन. आमच्या पक्षासाठी राबलेल्या सर्व कार्यकर्त्यांचे आणि मतदारांचे आभार. गावाची सुरू असलेली कामे थांबणार नाहीत.' फटाक्यांबद्दलचा आपला संताप मला समजतो. वृद्ध आईला खिडक्या लावून बसावे लागले, ही गोष्ट विसरा असे मी म्हणणार नाही. पण नाचणारी पोरे आणि मत देणारी माणसे यांची गल्लत करू नये. विजयी पक्षाच्या तालुक्यातील जबाबदार माणसाला आपण एकदा फोन करून, 'तुमच्या पोरांनी माझ्या आईच्या दारात हे केले' असे शांतपणे सांगावे आणि विषय तेथेच सोडावा. त्याच्या घरीही आई असणार.

यंत्राविषयी थोडक्यात. मतदान संपल्यावर केंद्रावरील आपल्या प्रतिनिधीला नमुना १७-सी ची प्रत मिळते, तीत त्या यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली ते लिहिलेले असते. ती प्रत काढून मतमोजणीच्या वेळी त्या यंत्रातून निघालेल्या एकूण मतांशी ताडून पाहावी. फरक आढळला तर उमेदवाराने वकिलाशी बोलावे. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ मधील निर्णयानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काही यंत्रांची तपासणीही मागता येते, मात्र तिची मुदत निकालापासून सात दिवसांची आहे. आकडे जुळत असतील आणि हाती दुसरा पुरावा नसेल, तर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ही चर्चा चालू ठेवून आपल्याच कार्यकर्त्यांना पुढच्या मतदानापासून परावृत्त करण्यात शहाणपण नाही.

मुंबईच्या गाड्यांचा उल्लेख चिंतन बैठकीत करू नये, एवढे हळूच सुचवतो. उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी मतदारांना मोफत वाहनाने केंद्रावर आणणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरते. 'यंदा गाड्या कमी पडल्या' हे वाक्य पराभवाचे कारण म्हणून इतिवृत्तात लिहिले जाणे हा निवडणूक हरल्यानंतरचा दुसरा अपघात ठरेल.

बैठकीत आपण बोलावे ते पर्ससीनविषयी, आणि लेखी बोलावे. उमेदवार कोणत्या वाडीत किती वाजता पोहोचला, मित्रपक्षाचा कोण रुसला, कोणाचा फोन कोणी घेतला नाही, यावर तेथे तासन्‌तास बोलले जाईल. त्यात आपली भर नको. किनाऱ्यावरील केंद्रांचे आकडे सड्यावरील केंद्रांच्या आकड्यांपासून वेगळे काढून तालुक्याचा तक्ता मांडावा. मच्छीमार वस्ती असलेल्या इतर केंद्रांवरही अशीच घट दिसली तर माझ्या तर्काला आधार मिळेल, न दिसली तर तो तर्क सोडून द्यावा आणि आपल्या गावापुरते वेगळे काय घडले ते शोधावे. असा तक्ता मांडणाऱ्या तालुकाध्यक्षाला राजीनाम्याचे नाट्य करावे लागत नाही. तरीही पराभवाची जबाबदारी म्हणून पद सोडायचे असे आपल्या मनाने घेतले असेल, तर ते तक्ता मांडून झाल्यावर, एका ओळीच्या पत्राने आणि पत्रकारांना आधी न कळवता सोडावे. बैठकीपूर्वी बातमी पेरून नंतर आग्रहाखातर मागे घेतलेला राजीनामा लोकांच्या चांगलाच लक्षात राहतो. दुसऱ्या पक्षाच्या निरोपाबद्दल सांगायचे तर, आपण सध्या सदस्य नसल्यामुळे स्थानिक प्राधिकरण सदस्यांना पक्षांतरावरून अपात्र ठरवणारा १९८६ चा कायदा आपल्या आड येत नाही, त्यामुळे जायला बंदी कसलीच नाही. फक्त निकालानंतरच्या महिन्याभरात गेलात तर 'गद्दार' हा शब्द गावाला आपणच आयता पुरवलेला आहे, हे ध्यानात असू द्यावे.

शेवटी एक काम, ज्याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही, परंतु प्रत्येक हरलेल्या पक्षाच्या तालुक्यात ते मागे राहिलेले असते. प्रचारात केंद्राकेंद्रावर राबलेल्या पोरांनी मंडप, रिक्षा, चहा-वडापाव आणि पेट्रोल यांसाठी स्वतःच्या नावाने उधारी केलेली असते, आणि उमेदवार पडला की दुकानदार त्या पोरांना रस्त्यात गाठतात. उमेदवाराला खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, त्यामुळे ही मुदत संपण्यापूर्वीच प्रत्येक केंद्रावरील बिले गोळा करून उमेदवाराच्या निवडणूक प्रतिनिधीच्या हाती द्यावीत, त्याची पोच घ्यावी, आणि पैसे मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा त्याला फोन करीत राहावे.